रिकाम्या हातांनी बसणं

फॉर्मवाल्या मॅडम पहिल्यांदा आमच्याकडे आल्या तेव्हा मी आधी त्यांची टेप तपासली. दारात उभ्या राहून त्या सांगत होत्या, की साठी ओलांडलेल्या माणसांचे जुने आजार आणि त्यातून येणारं अपंगत्व यावर एका संस्थेचा अभ्यास चालू आहे, घरं चिठ्ठ्या टाकून निवडलीत, त्यात तुमचं निघालं, दर सहा महिन्यांनी येईन, चालेल ना? आणि माझं सगळं लक्ष त्यांच्या पिशवीतून डोकावणाऱ्या पिवळ्या कापडी टेपकडे. कापडी टेप वापरून वापरून ताणली जाते. मी कपाटातून माझी स्टीलची टेप काढली, दोन्ही शेजारी शेजारी लावल्या आणि तीन मिलिमीटरचा फरक त्यांना दाखवला. चाळिशीच्या, घाटकोपरहून आलेल्या, उन्हाने दमलेल्या बाई त्या. "बरं झालं काका दाखवलंत," एवढंच म्हणाल्या आणि प्यायला पाणी मागितलं.

माझा स्वभावच तसा. भांडुपच्या एका कारखान्यात एकतीस वर्षं मी इन्स्पेक्शनला होतो. तयार झालेला माल मोजायचा आणि बसत नसेल तर बाजूला काढायचा, हे माझं काम. तिथे माझा दरारा होता. मी नुसता मागे येऊन उभा राहिलो तरी लेथवरच्या माणसांचे हात कापायला लागत. रिटायर झाल्यावरही मी हे चारचौघांत अभिमानाने सांगायचो. फक्त रिटायर झालो आणि पायाला भिंगरी लागली. घरात बसवेना. पेपरसुद्धा मी उभ्यानेच वाचायचो, पान उलटायला खिडकीपर्यंत जायचो, परत यायचो.

त्याच सुमाराला बायकोचे हात बिघडायला लागले. संधिवात. वय झालं की गुडघे दुखतात तो नव्हे, बोटांचे सांधे सुजवून हळूहळू वाकडे करणारा. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "गोळ्या मी देतो, पण हात चालते ठेवा. जे काम बंद पडेल ते परत सुरू होईलच असं मी सांगू शकत नाही." हे दोघांनीही ऐकलं. तिचे हात राहतात की जातात, एवढा एकच प्रश्न आमच्या घरात नऊ वर्षं आहे, बाकी सगळं त्याच्या खाली.

मी माझ्या परीने त्या प्रश्नाच्या मागे लागलो. सकाळचा चहा माझ्याकडे घेतला. मग भाजी चिरणं घेतलं. मग डब्यांची झाकणं, नळ, कुलूप, तिच्या ब्लाउजची बटणं. वेणीसुद्धा मी घालायला शिकलो, सुरुवातीला ती दोरखंडासारखी व्हायची. तिच्या हातातून पातेलं निसटलं, की मी धावलोच. "राहू दे गं, मी आहे ना!" दिवसातून वीस वेळा तरी हे वाक्य घरात घुमायचं. दहिसरला दिलेली मुलगी रविवारी यायची आणि हसायची. म्हणायची, "बाबा, चहापेक्षा किटली गरम!" मला त्याचंही कौतुकच वाटायचं.

तर मॅडमनी फॉर्म उघडला. प्रश्न साधे होते. अंघोळ स्वतःची स्वतः करता येते का? कपडे घालता येतात का? चहा करता येतो का? उत्तरं चार: अजिबात त्रास नाही, थोडा त्रास, खूप त्रास, करताच येत नाही. बायको माझ्या शेजारी बसली होती, हात पदराखाली. मॅडम तिच्याकडे बघून विचारायच्या आणि उत्तर मी द्यायचो. चहा? करताच येत नाही, सांडते. बटणं? करताच येत नाही. गॅस? छे, लायटरचा खटकाच दाबता येत नाही तिला. मी हुशार विद्यार्थ्यासारखा धडाधड सांगत होतो. मॅडम दोनदा म्हणाल्या, "काकू, तुम्ही सांगा ना." काकू म्हणाली, "ते सांगतत ताच." माहेर-सासर दोन्ही मालवणकडचं, त्यामुळे मनातलं बोलायचं किंवा मनातलं लपवायचं असलं की ती मालवणीत शिरते. हे मला चाळीस वर्षं माहीत आहे. त्या दिवशी मी लक्ष दिलं नाही.

चालून दाखवायची एक परीक्षा होती. चार मीटर सरळ रेषेत, नेहमीच्या चालीने. आता कांजूरमार्गच्या आमच्या सोसायटीत चार मीटर सरळ जागा असलेलं घर कुणाचं आहे? कपाट, पलंग, शिलाई मशीन करत माणूस वळणावळणानेच जातो. शेवटी बाहेरच्या पॅसेजमध्ये माझ्या टेपने मापून खडूच्या दोन रेघा मारल्या. रेघा मारल्याबरोबर तीन दारं उघडली. शेजारच्या वहिनी तर खुर्ची घेऊनच आल्या. मॅडम म्हणाल्या, "काकू, रोज चालता तसं चाला." पण समोर अख्खा मजला बघत असताना रोजच्यासारखं कोण चालेल? बायकोने पदर खोचला आणि बस सुटत असल्यासारखी निघाली. वहिनींनी टाळ्या वाजवल्या. मॅडमनी कपाळाला हात लावला आणि वेळ लिहून घेतली.

मग मुठीत आवळायचं एक यंत्र निघालं. बायकोने आवळलं, काटा नऊ किलोवर गेला. यंत्राचं कॅलिब्रेशन, म्हणजे काटा बरोबर दाखवतो की नाही याची तपासणी, शेवटची कधी झाली ते मी विचारलं. मॅडमनी उत्तर दिलं, मला ते पटलं, मी नऊ हा आकडा कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवला.

शेवटचं पान माझ्यासाठी होतं. घरातल्या आजारी माणसासाठी तुम्ही रोज काय काय करता? मी सांगत गेलो. चहा, भाजी, बटणं, वेणी, झाकणं, नळ, औषधं, पिशव्या. जागा पुरेना, मॅडमनी समासात लिहिलं. त्यांनी आणखी एक विचारलं, या सगळ्याचा तुम्हाला ताण येतो का? मी म्हणालो, "अजिबात नाही. उलट मला बरं वाटतं." मला वाटतं त्या फॉर्ममधलं तेवढं एकच उत्तर शंभर टक्के खरं होतं.

सहा महिन्यांनी, मे महिन्यात, त्या परत आल्या. या वेळी आधी यंत्र काढलं. बायकोने आवळलं. काटा सहावर थांबला. मी म्हटलं, पुन्हा. पुन्हा सहा. मी म्हटलं, यंत्र बिघडलंय, आणि स्वतः आवळून पाहिलं. यंत्र बिघडलेलं नव्हतं. मी जपून ठेवलेलं गेल्या वर्षीचं कॅलेंडर उलटून नऊचा आकडा बघून आलो, जसा काही बघितल्याने तो खाली उतरणार होता. गोळ्या वेळेवर, तपासण्या वेळेवर, एकाही जड कामाला मी तिला हात लावू दिला नव्हता. मग तीन गेले कुठे? खरं सांगायचं तर मी घाबरलो होतो, आणि घाबरलो की मी चिडतो.

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "काका, या खेपेला मला काकूंशी एकटीने बोलायचंय. तासभर तुम्ही खाली फिरून या."

मला माझ्या घरातून बाहेर काढलं! मी बायकोकडे पाहिलं. वाटलं, ती म्हणेल, असू दे त्यांना. तिने माझ्या चपलांकडे पाहिलं.

तो तास मी कसा काढला ते मलाच ठाऊक. गेटपर्यंत गेलो, परत आलो. वॉचमनच्या रजिस्टरमध्ये एका गाडीचा नंबर चुकीचा होता, तो दुरुस्त केला. टाकीच्या झाकणाखाली वीट सरकवली. रस्ता ओलांडून कोपऱ्यापर्यंत गेलो आणि काय घ्यायला आलो तेच आठवेना म्हणून कोथिंबीर घेऊन परतलो. डोक्यात एकच गरगरत होतं. ती काय सांगत असेल? माझ्याबद्दल तक्रार? माझ्याबद्दल तक्रार करण्यासारखं आहे काय? अख्ख्या बिल्डिंगीत माझ्याएवढं बायकोचं कुणी करतं का, विचारा कुणालाही! वरती आमच्या खिडकीकडे चार वेळा बघून झालं. घड्याळात वीस मिनिटं झाली होती.

एवढ्यात वारा फिरला. आमच्याकडे वारा फिरला की डंपिंग ग्राउंडवरच्या कचऱ्याचा वास येतो आणि अख्ख्या बिल्डिंगीच्या खिडक्या धडाधड बंद होतात. मला आयतं कारण मिळालं. आमच्या स्वयंपाकघराची खिडकी पॅसेजमध्ये उघडते, तिची कडी जड आहे, बायकोला ओढता येत नाही. दोन-दोन पायऱ्या चढत मी दुसऱ्या माळ्यावर आलो.

खिडकी उघडीच होती. आत बायको ओट्याशी उभी होती. मॅडम कोपऱ्यातल्या स्टुलावर, हात मांडीवर ठेवून, काही न करता बसलेल्या. गॅस पेटलेला होता. कुणी पेटवला? पातेल्यात चहा उकळत होता. बायकोने दोन जाड फडकी घेतली, एकेक फडकं एकेका मनगटाला गुंडाळलं, आणि बोटं न वापरता दोन्ही तळव्यांच्या मुळांमध्ये पातेलं धरून उचललं. असं पातेलं धरलेलं मी जन्मात पाहिलं नव्हतं. सावकाश, पावलापावलाने ती कपांकडे वळली. पातेलं तिरकं झालं. चहाची धार कपाच्या काठावर आली.

"अगं, राहू दे!" मी खिडकीतून ओरडलो.

ती दचकली. पातेलं सुटलं. चहा ओट्यावरून खाली, तिच्या साडीवर, पायावर. मॅडम ताडकन उठल्या, त्यांनी तिच्या पायावर पाणी ओतायला बादली ओढली. मी आत धावलो आणि तोंडातून पहिलं वाक्य काय निघावं? "बघितलंत? म्हटलं नव्हतं मी, सांडते म्हणून?"

पाय फार भाजला नव्हता, लाल झाला होता. मॅडमनी पाणी ओतता ओतता मान वर केली आणि विचारलं, "काका, काकूंच्या हातून सांडतं तेव्हा दर वेळी तुम्ही तिथेच असता का?"

मी म्हणालो, "अर्थात. मी सतत लक्ष ठेवून असतो."

आणि बोलता बोलताच मला एक जुनी गोष्ट आठवली. कारखान्यात एक जुना टर्नर होता, हात सोन्याचा, पण मी तपासायला उभा राहिलो की त्याचा जॉब, म्हणजे हातातला नग, हमखास रिजेक्ट व्हायचा. मी मोठ्या रुबाबात वरती रिपोर्ट केला. फोरमनने रिपोर्ट वाचला आणि माझ्या तोंडावर सांगितलं, "तू त्याच्या मागून हल रे, माल आपोआप बरोबर येईल." मी हललो. माल बरोबर आला. ही गोष्ट मला माहीत होती. कारखान्यात माहीत होती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच, आणि दिवा कोण, तर मी.

मॅडम गेल्यावर मी ओटा पुसत होतो. बायको खुर्चीवर, पाय ओल्या फडक्यात. मी विचारलं, "तुला चहा करता येत होता?"

"येत होता. वेळ लागता."

"मग पहिल्या वेळी बोलली का नाहीस?"

तिने पायावरचं फडकं सारखं केलं. मग मालवणीतच सांगत गेली, मी ते साध्या मराठीत सांगतो, "तुम्ही रिटायर झालात तेव्हा घरभर नुसते फिरत होतात. पिंजऱ्यातल्यासारखे. बघवत नव्हतं मला. एक दिवस तुम्ही चहा केलात आणि पंधरा मिनिटं जागेवर उभे राहिलात. मला वाटलं, असू दे, चहा ह्यांना. मग भाजी गेली. मग बटणं गेली. तुम्ही थांबलातच नाही. आणि गेल्या सहा महिन्यांत बटण खरंच लागेनासं झालं. आता मी खोटं नाही बोलत, आता खरंच नाही लागत."

ते ऐकून मला रडू आलं. फडकं हातात धरून मी तिच्याकडे पाठ करून उभा राहिलो आणि रडलो, लपवायचा प्रयत्नही धड जमला नाही. माझ्या बायकोने मला रिकामं बसवत नाही म्हणून स्वतःचे हात मला देऊन टाकले होते, एकेका कामागणिक. आणि मी ते घेत गेलो, वर फॉर्ममध्ये लिहूनही दिलं.

"आता रडा नको," ती मागून म्हणाली. "उद्या सुकट घेवन येवा. न निवडलेली. डोकीशेपट्यांसकट."

पाऊस लागायच्या आधी सुकट भरून ठेवायची आमच्याकडे पद्धत आहे. सुकट म्हणजे सुकवलेली बारीक कोलंबी. एकेकीचं डोकं आणि शेपटी दोन बोटांच्या चिमटीत धरून मोडायची असते. चिमूट हीच तर तिची गेलेली होती. गेली तीन वर्षं मी निवडलेली सुकट आणत होतो. दुसऱ्या दिवशी तिच्या ओळखीच्या मासळीवालीकडून न निवडलेली अर्धा किलो आणली. टेबलावर पेपर पसरला, ढीग ओतला, आणि सवयीने समोर बसून पहिली उचलली.

"ठेवा खाली."

ठेवली.

"तुमी निसते बसान रवा. गप."

नुसतं बसून राहा, गप्प. सांगायला सोपं आहे! तिने एक सुकट उचलली, ती निसटली. परत उचलली. अंगठा आणि करंगळीकडची बाजू अशी काहीतरी विचित्र चिमूट तिने जुळवली. डोकं मोडलं, शेपटी राहिली. ती सुकट फिरवून घेण्यात मिनिट गेलं. माझे हात आपोआप टेबलावर यायचे, मी ते मागे घ्यायचो. शेवटी मी दोन्ही हात मांडीखाली दाबून त्यांच्यावर बसलो. खरंच, शाळेतल्या पोरासारखा. पाच-दहा झाल्या की मी उठून पॅसेजमध्ये जायचो, कठड्याला धरून खाली बघायचो, परत येऊन बसायचो. ती मान वर न करता म्हणायची, "इलात?"

अर्ध्या किलोला सहा दुपारी लागल्या. चौथ्या दुपारी तिच्या बोटांना सूज आली, आणि मी फोन उचलून डॉक्टरांना लावायला निघालो. तिने एवढंच सांगितलं की सूज कुठल्या कामाची आणि कुठल्या आजाराची हे तिला माझ्यापेक्षा कळतं. मी फोन ठेवला. एक दिवस तिने विश्रांती घेतली, मग परत बसली.

हळूहळू घराची वाटणी नव्याने झाली. चहा तिच्याकडे गेला. तो अठरा मिनिटांचा असतो. मी मोजतो, सांगत नाही. भाजी अर्धी अर्धी. बटणांच्या जागी तिने शेजारच्या वहिनींकडून हूक लावून घेतले. वेणी मात्र तिने परत मागितली नाही. "ती तुम्हीच घाला," म्हणाली. हात वर उचलताना तिचे खांदे दुखतात हे कारण असेल. मी दुसरं विचारलं नाही.

दिवाळी झाल्यावर मॅडम तिसऱ्यांदा आल्या. या वेळी स्टीलची टेप घेऊन. यंत्राचा काटा सहावरच होता. या वेळी मी यंत्राला हात लावला नाही. मॅडमच म्हणाल्या, "वाढला नाही, पण उतरलाही नाही, काका." चहाचा प्रश्न आला तेव्हा मी तोंड उघडलं आणि मिटलं. "करते," बायको म्हणाली. "थोडा त्रास." आणि दाखवायलाच जणू उठून स्वयंपाकघरात गेली. मला कुणी बाहेर जायला सांगितलं नाही. मी आपणहून खुर्ची फिरवली, ओट्याकडे पाठ केली.

शेवटचं माझं पान. घरातल्या आजारी माणसासाठी तुम्ही रोज काय काय करता?

पहिल्या वेळी समास भरला होता.

"वेणी घालतो," मी म्हणालो.

"आणखी?"

"बसतो."

मॅडमनी पेन उचललं. "बसता म्हणजे?"

"ती काम करत असते तेव्हा बसतो. काही करत नाही."

त्या फॉर्मवर खालीवर बघत होत्या, हे कुठल्या रकान्यात घालायचं म्हणून. आतून बायकोचा आवाज आला, "लिवा, लिवा. ताच काम कठीण आसा."

मॅडमनी 'इतर'समोर काहीतरी लिहिलं. तेवढ्यात आत झाकण पडलं, मोठ्याने, आणि गोल गोल फिरत राहिलं. मॅडमचं पेन थांबलं. माझे दोन्ही पाय जमिनीवरून उचलले गेले होते, ते मी परत टेकवले. हात मांडीखाली घातले. झाकण थांबलं. मग लायटरचा खटका ऐकू आला. नुसता खटका, ज्योत नाही. थोड्या वेळाने दुसरा. मग तिसरा. चौथ्याला इतका उशीर झाला की मी डोळे मिटून घेतले.

पाचव्या खटक्याला गॅस पेटला.